होन्झा: एका चेक लाडक्या नावाचा अर्थ आणि उगम (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

चेक सहकाऱ्यांबरोबर काम करणाऱ्या किंवा प्रागमध्ये शिकायला गेलेल्या मराठी माणसाला एक कोडे हमखास पडते. ज्या गृहस्थांचे नाव कागदोपत्री ‘यान’ असे आहे, त्यांना घरचे, मित्र आणि कचेरीतले लोक ‘होन्झा’ अशी हाक मारतात, आणि या दोन नावांत वरवर पाहता काहीच नाते दिसत नाही. या कोड्याभोवती जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

होन्झा हे स्वतंत्र नाव आहे का?

नाही. होन्झा हे यान या नावाचे घरगुती रूप आहे. आपल्याकडे दत्तात्रयाचा दत्तू आणि पांडुरंगाचा पांडू होतो, तसाच यानचा होन्झा होतो. फरक एवढाच की दत्तू किंवा पांडू ऐकल्यावर मूळ नाव लगेच ओळखता येते, होन्झाच्या बाबतीत ते येत नाही. चेक माणसाला मात्र या नात्याची जाणीव लहानपणापासून असते. एखाद्याने आपली ओळख होन्झा अशी करून दिली, तर त्याचे अधिकृत नाव यान आहे हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.

या नावाचा अर्थ काय?

होन्झा या शब्दाला स्वतःचा वेगळा कोशगत अर्थ नाही, त्यामुळे त्याचा अर्थ शोधायचा म्हणजे यान या नावाच्या मुळाशी जायचे. यान हे हिब्रू भाषेतील ‘योहानान’ या नावाचे चेक रूप आहे. योहानानमधील ‘यो’ हा इस्राएली लोकांच्या देवाच्या ‘याह्वे’ या नावाचा संक्षेप आहे, आणि ‘हानान’ हे कृपा करणे किंवा प्रसन्न होणे या अर्थाचे क्रियापद आहे. तेव्हा संपूर्ण नावाचा अर्थ ‘देवाने कृपा केली’ किंवा ‘देव प्रसन्न झाला’ असा होतो. ग्रीक भाषेत या नावाचे ‘इओआनेस’ झाले, लॅटिनमध्ये ‘योहान्नेस’, आणि तेथून ते युरोपभर पसरले. मराठी बायबलमधील ‘योहान’ हे रूप मूळ नावाच्या किती जवळचे आहे, हेही यावरून ध्यानात येईल.

या अर्थाला साजेशी कथा लूकच्या शुभवर्तमानात आहे. जखऱ्या आणि अलीशिबा या वृद्ध, निपुत्रिक दांपत्याला मुलगा झाला, तेव्हा शेजारी आणि नातेवाईक त्याला बापाचेच नाव देऊ लागले. आईने ‘याचे नाव योहान ठेवायचे’ असे ठामपणे सांगितले. वाचा गेलेल्या बापाला विचारले, तेव्हा त्याने पाटी मागवून तेच नाव लिहिले. उतारवयात पदरी पडलेल्या मुलासाठी ‘देवाने कृपा केली’ यापेक्षा उचित नाव दुसरे कोणते असणार?

आता होन्झाकडे वळू. या रूपात मूळ नावाचा आरंभीचा ‘यो’, म्हणजे देवाच्या नावाचा अंश, गळून पडला आहे आणि ‘कृपा’ हा उत्तरार्ध तेवढा उरला आहे. मराठीत समांतर उदाहरण द्यायचे तर ईश्वरप्रसाद नावाच्या मुलाला घरात नुसते ‘प्रसाद’ म्हणावे तसे हे झाले आहे, कारण ‘प्रसाद’ या शब्दाचा मूळ संस्कृत अर्थही प्रसन्नता आणि कृपा असाच आहे. हे साम्य योगायोगाचे असले, तरी नावाची घडण समजून घ्यायला याहून सोपी वाट मला माहीत नाही. याच हिब्रू धातूपासून ‘हन्ना’ हे स्त्रीनाव आणि त्यावरून ‘आना’ हे नाव आले, म्हणून चेक घरातले यान आणि आना हे भाऊबहीण व्युत्पत्तीनेही एकाच कुळातले ठरतात.

यान या नावापासून होन्झा कसे तयार झाले?

खरे तर ते यानपासून थेट तयार झालेच नाही. योहान्नेस या लांब नावाचे दोन वेगवेगळ्या वाटांनी दोन संक्षेप झाले. पहिल्या वाटेने मधला भाग आकसून ‘यान’ उरले. दुसऱ्या वाटेने, जर्मन भाषेत, आरंभीचा भाग गळून ‘हान्स’ हे रूप तयार झाले. चेक लोकांनी जर्मन शेजाऱ्यांच्या तोंडचे हान्स उचलले आणि त्याला आपल्या घरगुती नावांचा ‘आ’ हा प्रत्यय लावून होन्झा घडवले. हान्समधील ‘आ’च्या जागी होन्झात ‘ओ’ कसा आला असेल, हे पाहताना बव्हेरिया आणि ऑस्ट्रियाकडच्या जर्मन बोलींत ‘आ’ हा स्वर ‘ऑ’कडे झुकतो, ही गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे.

जर्मन रूप चेक घरांत इतके खोलवर कसे शिरले, याचे उत्तर बोहेमियाच्या, म्हणजे प्राग ज्यात येते त्या चेक मुलखाच्या, इतिहासात आहे. तेराव्या शतकात प्रेमिस्ल घराण्याच्या राजांनी जर्मन भाषक शेतकरी, कारागीर आणि खाणकामगार आपल्या मुलखात वसवले, आणि तेव्हापासून चेक आणि जर्मन या दोन भाषा त्या भूमीत शेजारी नांदल्या. १५२६ ते १९१८ हा प्रदेश हाब्सबुर्ग राजवटीखाली होता. दुसऱ्या महायुद्धानंतर सुमारे तीस लाख जर्मन भाषकांना देश सोडावा लागला, आणि कित्येक शतकांचे ते सहजीवन कटुतेत संपले. त्यांच्या भाषेतून आलेले होन्झा मात्र चेक माणसाच्या तोंडी इतके मुरलेले होते की ते परके आहे असे कोणाला वाटले नाही. एखादा समाज दुसऱ्याकडून आपल्या लेकराला हाक मारायचे नाव घेतो, तेव्हा त्या दोन समाजांचा घरोबा किती जवळचा असेल, याचा विचार अवश्य करावा.

जर्मन वाटेने आलेले आणखी एक रूप म्हणजे ‘हानुश’. प्रागच्या जुन्या नगरचौकातील खगोलीय घड्याळ हानुश नावाच्या कारागिराने बनवले आणि त्याने तसेच दुसरे घड्याळ घडवू नये म्हणून त्याचे डोळे फोडण्यात आले, अशी दंतकथा पर्यटकांना सांगितली जाते. प्रत्यक्षात ते घड्याळ १४१० साली कादान गावच्या मिकुलाशने बनवले होते.

उच्चार कसा करावा आणि मराठीत कसे लिहावे?

मराठी भाषकाला हा उच्चार विशेष सोपा आहे. चेक ‘ह’ हा आपल्या ‘ह’सारखाच घोष, म्हणजे कंठात कंप होऊन उमटणारा आहे. पुढचा ‘झ’ मात्र ‘झाशी’तला नव्हे, तर ‘झाड’ या शब्दातला, दातांजवळचा उच्चारावा, आणि त्यातला महाप्राण सोडून द्यावा. आघात पहिल्या अक्षरावर येतो, कारण चेक भाषेत तो नेहमी तेथेच असतो. अखेरचा ‘आ’ लेखनात दीर्घ दिसला, तरी मूळ उच्चारात तो ऱ्हस्व आहे. लेखनात ‘होन्झा’ हे रूप पुरेसे आहे.

मूळ नाव ‘यान’ असेच उच्चारावे आणि लिहावे. रोमन लिपीतील पहिले अक्षर पाहून मराठी वृत्तपत्रे ‘जान’ किंवा ‘जॅन’ असे छापतात, ते चुकीचे आहे. नीरज चोप्रा याने ज्यांच्याकडे प्रशिक्षण घेतले ते भालाफेकपटू यान झेलेझ्नी हे याचे अलीकडचे उदाहरण. १९९२, १९९६ आणि २००० अशा लागोपाठ तीन ऑलिंपिक स्पर्धांत सुवर्णपदक मिळवणाऱ्या आणि १९९६ साली ९८.४८ मीटरचा जागतिक विक्रम करणाऱ्या या खेळाडूचे नाव तरी आपण नीट घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

शेवटी ‘आ’ असूनही हे पुरुषाचे नाव कसे?

चेक भाषेत आकारान्त नामे बहुतांशी स्त्रीलिंगी असतात हे खरे आहे, परंतु पुरुषांची घरगुती नावे घडवताना मूळ नावाचा एखादा तुकडा घेऊन त्याला ‘आ’ जोडण्याची तेथे जुनी रीत आहे. फ्रांतिशेकचा फ्रांता, यारोस्लावचा यार्दा, आंतोनीनचा तोन्दा, याकुबचा कुबा आणि योसेफचा पेपा होतो. यांतील पेपाही होन्झाप्रमाणेच बाहेरून आलेला आहे. योसेफचे इटालियन रूप ज्युसेप्पे, त्याचा लाडका संक्षेप बेप्पे किंवा पेपे, आणि त्यावरून पेपा. मराठी वाचकाला यात खटकण्यासारखे काही नसावे, कारण आपल्याकडे दादा, बाबा, अण्णा हे सारे आकारान्त पुरुषच आहेत.

होन्झीक, येनीक, येन्दा ही नावे याच माणसाची आहेत का?

होय, आणि प्रत्येकाची छटा निराळी आहे. होन्झा हे प्रौढ पुरुषालाही चालणारे, मोकळेपणाचे रूप आहे. त्याला ‘ईक’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागून होन्झीक होते, आणि ते प्रामुख्याने लहान मुलासाठी वापरले जाते. त्याहून अधिक लाड करायचा असेल, तर होन्झीचेक म्हणतात. म्हणजे मुळात लाडक्या असलेल्या नावावर लाडाचा आणखी एक, आणि मग आणखी एक थर चढतो. पन्नाशीच्या माणसाला त्याची आई होन्झीक म्हणते, तेव्हा त्यात नवल वाटण्यासारखे काही नसते. कचेरीतल्या सहकाऱ्याने तसे म्हटले, तर मात्र ते विचित्र वाटेल.

येनीक, येनीचेक आणि येन्दा ही रूपे हान्सपासून नव्हे, तर थेट यानपासून निघाली आहेत. येनीकला गावाकडचा, जुन्या काळचा गोडवा आहे. चेक संगीतकार बेदरझिख स्मेताना यांच्या १८६६ साली प्रागमध्ये प्रथम सादर झालेल्या ‘विकलेली वधू’ या ऑपेराचा नायक येनीक आहे, नायिका मारीचे लाडके नाव धारण करणारी मार्झेंका आहे आणि नायकाचा सावत्र भाऊ वाशेक, म्हणजे वात्स्लाव आहे. एका खेड्यातली ही तीनही मुख्य तरुण पात्रे लाडक्या नावांनीच ओळखली जातात. ग्रिम बंधूंच्या संग्रहातील जंगलात वाट चुकलेली भावंडेही चेक मुलांना येनीचेक आणि मार्झेंका याच नावांनी परिचित आहेत. जर्मन कथेतील भावाचे नाव हान्सचेच लघुरूप असल्याने तेथे होन्झीक शोभला असता, पण चेक भाषेने येनीचेक निवडला. होन्झाच्या वाट्याला लोककथेत वेगळीच भूमिका आली होती.

लोककथेतला ‘ह्लोउपी होन्झा’ कोण?

‘ह्लोउपी होन्झा’ म्हणजे मूर्ख होन्झा, आणि तो चेक लोककथांचा सर्वांत लाडका नायक आहे. चेक खेड्यातल्या घरात भाकरी भाजण्यासाठी विटामातीची मोठी भट्टी असे, आणि तिच्यावर माणूस झोपू शकेल एवढी उबदार जागा असे. होन्झा दिवसभर त्या जागेवर लोळत पडलेला असतो. अखेर आईबाप कंटाळून त्याला जगात धाडतात, किंवा तोच एके दिवशी उठून निघतो. आई त्याच्या गाठोड्यात बुख्ता बांधून देते. बुख्ता म्हणजे आंबवलेल्या पिठाचा, आत खसखस, आटवलेल्या आलुबुखाराचा गर किंवा ताजे दाणेदार चीज भरून भाजलेला गोड पाव. होन्झा आणि बुख्ता यांची जोडी चेक मनात इतकी घट्ट बसली आहे की एकाचे नाव काढले की दुसरे आठवतेच.

पुढे रस्त्यात त्याला एखादा भुकेला म्हातारा भेटतो. शहाणे थोरले भाऊ किंवा इतर वाटसरू त्याला टाळून गेलेले असतात, होन्झा मात्र आपली बुख्ता त्याच्याबरोबर वाटून खातो. म्हातारा त्याला एखादी युक्ती किंवा जादूची वस्तू देतो. त्या बळावर होन्झा अनेक तोंडांच्या नागाला मारतो, राजकन्येला सोडवतो आणि तिच्यासह अर्धे राज्य मिळवतो.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे, कारण या विशेषणामुळे परक्या वाचकाचा गैरसमज होतो. होन्झाचा मूर्खपणा हा गावाने त्याच्यावर मारलेला शिक्का आहे. तो हिशेबी नाही, घाई करत नाही आणि समोरच्याला काही देताना परतफेडीचा विचार करत नाही, एवढाच त्याचा दोष. कथा जसजशी पुढे सरकते, तसतसा हाच दोष त्याचे बळ ठरतो. शतकानुशतके परक्या सत्तेखाली राहिलेल्या, शेतीवाडीत रमलेल्या समाजाने आपला नायक म्हणून एखादा सरदार न निवडता भट्टीवर झोपणारा शेतकऱ्याचा पोर निवडला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. एकोणिसाव्या शतकात बोझेना न्येम्त्सोवा आणि कारेल यारोमीर एर्बेन यांनी लोककथांचे संकलन करून त्यांना साहित्यात मान मिळवून दिला, आणि पुढे कळसूत्री बाहुल्यांच्या रंगमंचावरही होन्झा वावरू लागला. चेक आणि स्लोव्हाक बाहुलीनाट्याची परंपरा २०१६ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समाविष्ट झाली.

मराठी विनोदांत बंड्या किंवा गण्या हे जसे एका व्यक्तीचे नाव न राहता भाबड्या पोराचा प्रकार झाले आहेत, तसेच होन्झाचे झाले. मात्र आजच्या यानला होन्झा म्हणताना कोणी त्याला मूर्ख ठरवत नाही. लोककथेचा संदर्भ मनाच्या तळाशी असतो, आणि त्यामुळे नावाला थोडी ऊब येते, इतकेच.

यान हुस किंवा यान पालाख यांना कोणी होन्झा म्हणते का?

नाही. चेक इतिहासात यान नावाच्या थोर व्यक्तींची मोठी परंपरा आहे. १३९३ साली प्रागच्या व्ल्तावा नदीत बुडवून मारले गेलेले यान नेपोमुत्स्की, ६ जुलै १४१५ रोजी कोन्स्टान्स येथे जिवंत जाळले गेलेले धर्मसुधारक यान हुस, शिक्षणतज्ज्ञ यान आमोस कोमेन्स्की, आणि जानेवारी १९६९ मध्ये सोव्हिएत आक्रमणानंतरच्या हताशेविरुद्ध स्वतःला पेटवून घेणारा विद्यार्थी यान पालाख यांचा उल्लेख सदैव पूर्ण नावानेच होतो. हौतात्म्याशी आणि विद्वत्तेशी जोडलेल्या नावाला लाडाचे रूप देणे चेक माणसाला अनुचित वाटते.

एक लक्षणीय अपवाद म्हणजे यान मासारिक. चेकोस्लोव्हाकियाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांचे हे पुत्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमधून नभोवाणीवर आपल्या देशबांधवांशी साध्या, घरगुती भाषेत बोलत असत, आणि लोक त्यांना प्रेमाने होन्झा मासारिक म्हणू लागले. परराष्ट्रमंत्रिपदावर असताना १० मार्च १९४८ रोजी प्रागमधील चेर्निन प्रासादाच्या खिडकीखाली त्यांचा मृतदेह सापडला. आजही जुनी माणसे त्यांच्याविषयी बोलताना होन्झाच म्हणतात.

चेक सहकाऱ्याला होन्झा म्हणावे का?

त्याने तसे सांगितले असेल, तर अवश्य म्हणावे. चेक भाषेत मराठीप्रमाणेच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असा भेद आहे, आणि होन्झा हे नाव साधारणपणे ‘तू’च्या नात्यात शोभते. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येण्याचा प्रस्ताव रिवाजाप्रमाणे वयाने मोठ्याने धाकट्याला, स्त्रीने पुरुषाला किंवा वरिष्ठाने कनिष्ठाला द्यायचा असतो. तो प्रस्ताव स्वीकारताना दोघेही आपापले पहिले नाव सांगून हात मिळवतात, आणि यान नावाचा माणूस बहुधा त्याच क्षणी ‘होन्झा’ म्हणतो. नंतर पुन्हा ‘तुम्ही’वर जाणे हा अपमान समजला जातो.

हाक मारताना नाव बदलते का?

बदलते. मराठीत ‘मुलांनो’ या संबोधनात जसे रूप पालटते, तसे चेकमध्ये व्यक्तिनामाचेही पालटते. म्हणून हाक मारताना ‘होन्झा’ न म्हणता ‘होन्झो’ म्हणावे. होन्झीकचे ‘होन्झीकु’ होते आणि यानचे ‘याने’. परक्याने हे संबोधन नीट वापरले, की चेक माणसाचा चेहरा खुलतो.

जन्मदाखल्यावर होन्झा असे नाव लिहिता येते का?

नावांच्या नोंदणीविषयीचा २००० सालचा ३०१ क्रमांकाचा कायदा झाला, तेव्हा त्यात अपभ्रष्ट, लघुत्वदर्शक आणि घरगुती रूपे नोंदवण्यास मनाई होती. त्यामुळे मुलाचे नाव यान नोंदवायचे आणि हाक होन्झा अशी मारायची, हीच रूढ पद्धत आहे. परंतु लाडकी रूपे कधीच अधिकृत होत नाहीत असे मात्र नाही. हेलेना किंवा माग्दालेना या नावांवरून आलेले लेंका आणि रादोस्लावसारख्या नावांवरून आलेले रादेक ही आज पूर्ण, स्वतंत्र नावे आहेत. एखाद्या रूपामागचे मूळ नाव लोकांच्या स्मरणातून गेले, की ते रूप स्वतःच्या पायांवर उभे राहते. यान हे नाव इतके प्रचलित आहे की होन्झाच्या बाबतीत तसे घडलेले नाही.

होन्झाचा नामदिन कधी असतो?

चेक दिनदर्शिकेत बहुतेक प्रत्येक दिवसाला एक नाव दिलेले असते, आणि त्या नावाच्या व्यक्तीला त्या दिवशी फुले किंवा छोटी भेट देऊन शुभेच्छा देतात. यानचा, आणि म्हणून होन्झाचाही, नामदिन २४ जून हा आहे. ही बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या जन्माची तिथी. आदल्या रात्रीला संत यानची रात्र म्हणतात. त्या सुमारास चमकणाऱ्या काजव्यालाही चेकमध्ये ‘संत यानची माशी’ असे सुंदर नाव आहे.

याच दिवशी गोव्यात सांजांव साजरा होतो. पोर्तुगीज ‘सांव जुआंव’ म्हणजे हाच संत योहान. डोक्यावर पानाफुलांचे ‘कोपेल’ घालून तरुण पावसाने भरलेल्या विहिरींत उड्या मारतात, आणि त्या उडीचा संबंध अलीशिबेच्या उदरात आनंदाने उसळलेल्या बाळाशी जोडला जातो. कोकणीतला जुआंव आणि प्रागचा होन्झा हे एकाच योहानानाचे दोन वंशज आहेत आणि त्यांचा सण एकाच दिवशी येतो. गोव्यात तेव्हा मुसळधार पाऊस असतो, तर बोहेमियात वर्षातला जवळजवळ सर्वांत मोठा दिवस.

या नावावरून आडनावेही आली आहेत का?

पुष्कळ आली आहेत. यान्दा, यानीक, यानेचेक, यानोउशेक ही यानकुळातली, तर हानुश, हान्झल आणि हान्झलीक ही हान्सच्या वाटेने आलेली. संगीतकार लेओश यानाचेक यांचे आडनावही यान या नावाच्याच लघुरूपातून घडले आहे. कधीकाळी कोणा यानला गावाने प्रेमाने दिलेली हाक त्याच्या मुलानातवंडांच्या नावामागे चिकटली आणि आडनाव झाली.

स्त्रियांसाठी असे रूप आहे का?

यानचे स्त्रीरूप याना आहे आणि तिला लाडाने यानिचका म्हणतात. ‘योहाना’ या स्त्रीनावावरून आलेले हाना आणि त्याचे लाडके रूप हांका ही होन्झाच्या सर्वांत जवळची, कारण त्यांतही आरंभीचा ‘यो’ गळून कृपेचा उत्तरार्धच उरला आहे. होन्झाचे थेट स्त्रीलिंगी रूप मात्र चेक भाषेत नाही.